कार्तिकाच्या आधी: इंदूरमध्ये नसबंदी आणि शेल्टरच्या कामाला नव्याने येणाऱ्यांसाठी

दर वर्षी संक्रांत जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, कधी तिलक नगरातून. बोलणं थोड्याफार फरकाने एकच. "ताई, आमच्या जिन्याखाली कुत्री व्यायली आहे. सहा पिल्लं आहेत, थंडी फार आहे. शेल्टरवाले घेऊन जातील का?" फोन करणाऱ्याने पोतं अंथरलेलं असतं, वाटीत दूध ठेवलेलं असतं, मनात खोट नसते. पण त्याच आठवड्यात शेल्टरमध्ये एकेका पिंजऱ्यात दोन-दोन वेतांची पिल्लं कोंबलेली असतात. त्यातल्या एकाला पार्वो, म्हणजे पिल्लांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा जुलाबाचा रोग, झाला की चार-पाच दिवसांत पिंजरा रिकामा होतो. तो कसा रिकामा होतो हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे, आणि म्हणून "हो, पाठवा" असं मला चटकन म्हणता येत नाही.

ज्यांना या कामात उतरायचं आहे, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मुख्य सांगणं आधीच सांगून टाकते. शेल्टरमधली गर्दी शेल्टरमध्ये कमी होत नाही. ती गल्लीत कमी होते, आणि त्यासाठी वर्षातले तीन महिने सगळ्यात मोलाचे असतात.

आधी कार्तिकाचं गणित

कार्तिक महिना आणि कुत्री यांचा संबंध आपल्या आज्यांना ठाऊक होता. पावसाळा ओसरला की गल्लीतल्या माद्या माजावर येतात, एकेका मादीमागे पाच-सात नर लागतात, रात्रभर भांडणं चालतात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे कार्तिकात गाभण राहिलेली पौषात विते, ऐन थंडीत. माद्या वर्षाच्या इतर दिवसांतही माजावर येऊ शकतात, पण भटक्या कुत्र्यांचा मोठा भर याच हंगामावर असतो.

आता पुढे मोजा. डिसेंबरात जन्मलेली पिल्लं जूनमध्ये सहा महिन्यांची होतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नसबंदीसाठी पकडायचं नाही, असा नियम आहे. आणि त्यातल्या पुष्कळ माद्या पुढच्याच कार्तिकात पहिल्यांदा माजावर येतात. म्हणजे मागच्या हिवाळ्यात जन्मलेल्या मादीसाठी आपल्या हातात ज्येष्ठाच्या शेवटापासून भाद्रपदापर्यंतचा काळ असतो. तो हुकला की पौषात पुन्हा जिन्याखाली पोतं.

नर की मादी, आधी कोण, हा प्रश्न नवी मुलं हमखास विचारतात. दोघांचीही करायची असते, पण जागा मोजकी असेल तर आधी मादी. गल्लीतले दहापैकी नऊ नर केले आणि एक उरला, तरी तो एकटा सगळ्या माद्यांना पुरतो. मादी एक केली की तेवढं एक वेत नक्की थांबतं.

पहिली पायरी: स्वतःला सुई टोचून घ्या

कुत्र्याला हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. ही चावण्याआधी घ्यायची असते: पहिल्या दिवशी एक, सातव्या दिवशी दुसरी, आणि २१व्या किंवा २८व्या दिवशी तिसरी. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालेलं असू द्या. माझ्याबरोबर काम करायला येणाऱ्याला मी तिसऱ्या डोसाचा कागद पाहिल्याशिवाय पिंजऱ्यात पाठवत नाही. त्यावर रुसून गेलेलेही आहेत. जाऊ देते.

लस झालेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाला तर थांबायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड, तेल यांतलं काहीही लावायचं नाही. आपल्याकडे अजूनही जखमेत मिरची भरणाऱ्या आजीबाई आहेत, त्यांना प्रेमाने पण ठाम अडवा. मग त्याच दिवशी दवाखाना. आधी लसीकरण पूर्ण झालेल्यांना दोनच डोस लागतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. ज्यांनी आधी काही घेतलेलं नाही त्यांना पूर्ण कोर्स, आणि रक्त येईल असा चावा असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं औषध) टोचावं लागतं. ते राहून जाऊ देऊ नका, स्वतःहून विचारा. इंदूरमध्ये हुकुमचंद पॉलिक्लिनिक, म्हणजे आपलं लाल अस्पताल, इथे कुत्रा चावलेल्यांची रोज रांग असते. एकदा सकाळी तिथे जाऊन बसा. आपण कोणासाठी काम करतो हे त्या बाकावर बसल्यावर नीट कळतं. पायाला फडकं बांधलेलं पोर आणि त्याची रडून सुजलेल्या डोळ्यांची आई, हेही या कामातलेच आहेत.

पिल्लाचा ओरखडाही ओरखडाच. "एवढंसं तर आहे" म्हणून सोडून देऊ नका.

आणि पिसाळलेल्या कुत्र्याबद्दल एक गैरसमज. माणसाला रेबीज झाला की पाण्याची भीती वाटते, कुत्र्याचं तसं नसतं. पाणी प्यायलं म्हणून कुत्रा सुरक्षित, असं समजू नका. लोंबलेला जबडा, सतत लाळ, बदललेला आवाज, झोकांड्या, कारण नसताना समोर येईल त्याला चावणं, ही लक्षणं दिसली तर पुढे जायचं नाही. लोकांना दूर करा, नगर निगमला कळवा. तिथे शौर्याचं काम नाही.

दुसरी पायरी: कोणाचं काम कोणतं, ते समजून घ्या

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्याकडे इंदूर नगर निगमची, कायदेशीर जबाबदारी आहे. २००१ सालचे नियम बदलून मार्च २०२३ मध्ये नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. त्यांचा गाभा असा: कुत्रं माणुसकीने पकडायचं, म्हणजे चिमटे-तारा न वापरता जाळीने किंवा हाताने, पकडल्याबरोबर गळ्यात क्रमांकाचा पट्टा आणि पकडल्याच्या जागेची नोंद, शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस, ओळखीसाठी कानाला खाच, आणि बरं झाल्यावर जिथून उचललं तिथेच परत सोडायचं.

हे शेवटचं कलम शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त खटकतं. "नेलंच आहे तर परत कशाला आणता?" कारण साधं आहे. गल्लीत जेवढं अन्न आणि आडोसा, तेवढी कुत्री तिथे राहतात. जुनी उचलली की जागा मोकळी होते आणि पलीकडच्या वस्तीतली, नसबंदी न झालेली, लस न घेतलेली कुत्री तिथे येतात. खाच असलेलं ओळखीचं कुत्रं परत आलं तर ते नव्यांना आत येऊ देत नाही. रेबीजची साखळी तोडायला एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस झालेली असावी लागते. दर हंगामात कुत्रीच बदलत राहिली तर हा आकडा कधीच गाठता येणार नाही.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, त्यांचीही माहिती असू द्या. ऑगस्टच्या २२ तारखेच्या आदेशाने नसबंदी-लसीकरण करून मूळ जागी सोडण्याची पद्धत कायम ठेवली, पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडून. रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई केली आणि प्रत्येक वॉर्डात त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितलं. मग ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री नसबंदी आणि लसीकरणानंतर शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं, तिथे परत न सोडता. याचा अर्थ शेल्टरवरचा भार वाढणार, आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांची संख्या आपोआप वाढणार नाही. म्हणून गल्लीतून येणारा ओघ थांबवण्याचं आणि दत्तक देण्याचं काम आता पूर्वीपेक्षा निकडीचं आहे. आपल्या वॉर्डात खाऊ घालण्याची जागा कुठे ठरली आहे, हे झोनल ऑफिसात जाऊन विचारा. इंदूरमध्ये ८५ वॉर्ड आहेत. सगळ्यांचा विचार करायची गरज नाही, आपला एक पुरे.

तिसरी पायरी: एक गल्ली, एक वही

लोकांना वाटतं स्वयंसेवक म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन उभा असलेला माणूस. मला विचाराल तर शंभर पानी वही घेऊन पहाटे साडेपाचला गल्लीत फिरणारा माणूस.

एक भाग ठरवा. मंदिरापासून किराणा दुकानापर्यंत, चारशे-पाचशे पावलांचा, एवढा लहान. सलग दोन-तीन दिवस पहाटे फिरा, कारण ऊन चढलं की कुत्री गाड्यांखाली शिरतात आणि निम्मी दिसतच नाहीत. प्रत्येक कुत्र्याला वहीचं एक पान द्या आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ठिपके दोन्ही अंगांना वेगळे असतात आणि एका बाजूच्या फोटोवरून पुढे गोंधळ होतो. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"शिवमंदिराचा ओटला. पांढरी, डाव्या डोळ्याभोवती काळं. मादी, साधारण दोन वर्षं. कान अख्खा. स्तन ओढलेले नाहीत, म्हणजे बहुतेक अजून व्यायली नाही. सकाळी दुधवाल्याच्या मागे जाते. हाक: राणी. पोह्याच्या गाडीवाल्याकडून सेव खाते, त्याच्या हाताला येते."

यातला सगळ्यात उपयोगी तपशील शेवटचा. कुत्रं कोणाच्या हाताला येतं, ते लिहून ठेवा. पुढे त्याच माणसाची गरज पडणार आहे.

कान पाहायची सवय लावून घ्या. शस्त्रक्रियेची खाच सरळ, नेमकी असते. भांडणात फाटलेल्या कानाची कड वेडीवाकडी असते. शंका असेल तर "खात्री नाही" असंच लिहा. एकदा मी फाटका कान पाहून "झालेली" लिहिलं आणि त्या मादीने दत्तजयंतीच्या आठवड्यात सात पिल्लं घातली. त्यातली दोन जगली.

मोजणी झाली की चित्र स्पष्ट होतं. समजा गल्लीत चौदा कुत्री, सहा माद्या, त्यातल्या चारांच्या कानाला खाच. तुमचं या वर्षीचं काम म्हणजे दोन माद्या. सगळं शहर तुमच्यावर नाही, दोन माद्या आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की छातीवरचं दडपण उतरतं.

चौथी पायरी: गाडी येते त्या दिवशी

निगमकडे तक्रार किंवा विनंती करायला ३११ अॅप आहे. पण नुसतं "कुत्री फार झाली आहेत" असं लिहू नका. कुत्री किती, माद्या किती, कान अख्खे असलेल्या कोणत्या, कुठे आणि किती वाजता सापडतात, फोटो, आणि तुमचा फोन नंबर द्या. वही तयार असली की याला दहा मिनिटं लागतात. एवढ्या माहितीची विनंती आली की पकडणाऱ्या मुलांनाही काम सोपं जातं. त्यांना पत्ते नुसते मिळतात, कुत्री सापडत नाहीत, आणि मग जी सापडतील ती उचलावी लागतात.

निगमची कुत्री पकडणारी गाडी येईल तेव्हा तुम्ही हजर पाहिजे. यात सवलत नाही. आदल्या रात्रीनंतर खायला घालू नका, गल्लीतल्या इतरांनाही सांगा. "दीदी, आज खाना मत खिलाना" हे गाडीवरचा मुलगा मला पहिल्याच वर्षी म्हणाला होता. भरल्या पोटी गाडीत उलटी होते, आणि भुकेलं कुत्रं हाकेला येतं. मग ज्याच्या हाताला ते येतं त्या माणसाला उभं करा. राणीच्या वेळी पोह्याच्या गाडीवाले भैया ओटल्यावर बसले, मुठीत सेव धरली, राणी येऊन त्यांच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली, आणि मुलाने मागून जाळी टाकली. ना आरडाओरडा, ना पळापळ. भैयांचे डोळे मात्र भरले. विश्वासघात केल्यासारखं वाटतं. सहाव्या दिवशी ती परत आली आणि पहिल्यांदा त्यांच्याच गाडीखाली जाऊन झोपली, तेव्हा ते सावरले.

दूध पाजत असलेली मादी नेऊ देऊ नका. पिल्लं आडोशाला असतात, कोणाला दिसत नाहीत, आणि मागे उपाशी मरतात. पोट भरल्यासारखं दिसणारी असेल तर तसं सांगा, निर्णय डॉक्टरांचा.

पट्ट्याचा क्रमांक वहीत त्या पानावर लिहा आणि पट्ट्यासकट फोटो काढा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. एका नसबंदी केंद्रात नेलेली तपकिरी मादी दुसऱ्याच वस्तीत सोडली गेली. मी फोनवर सांगत होते "रिंग रोडजवळची", आणि रिंग रोड केवढा आहे ते तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवस शोधलं, ती सापडली नाही. अनोळखी इलाख्यात सोडलेल्या कुत्र्यावर तिथली टोळी तुटून पडते. तिचं पान मी अजून फाडलेलं नाही.

परत आल्यावर दहा-बारा दिवस रोज टाका पाहायचा. किंचित सूज चालते. पू, उघडलेला टाका, सतत चाटणं, खाणं सोडणं, यांतलं काही दिसलं तर लगेच केंद्राला फोटोसकट कळवा. आपला हंगाम नेमका पावसाळ्यात येतो, म्हणून सोडण्याच्या दिवशी आभाळ पाहा. मुसळधार असेल तर आणखी एक-दोन दिवस ठेवून घ्यायची विनंती करा. बहुतेक वेळा ऐकतात.

पाचवी पायरी: शेल्टरमधलं पहिलं पाऊल

शेल्टरमध्ये पहिल्या महिन्यात तुमच्या हातात खराटा आणि बादली असेल. तसंच असावं. पण झाडण्यातही रीत आहे आणि ती चुकली तर पिल्लं मरतात.

क्रम असा: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी निरोगी कुत्री, मग शस्त्रक्रियेनंतरची, आणि सगळ्यात शेवटी आजारी विभाग. आजारी विभागातून परत पिल्लांकडे जायचं नाही, चप्पल बदलून सुद्धा नाही. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि माणसाच्या बुटाच्या तळाला चिकटून फिरतो. फिनाइलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली, ही आपली घरातली समजूत इथे चालत नाही. पार्वोवर फिनाइलचा भरवसा नाही. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असं द्रावण करायचं. आधी विष्ठा आणि चिखल पूर्ण उचलायचा, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. फरशी साबणाने धुवायची, मग ब्लीच टाकून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग स्वच्छ पाणी. ब्लीच आणि संडास धुण्याचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. मांजरांच्या खोलीत तर फिनाइल नेऊच नका, त्यांच्या शरीराला ते सोसत नाही.

इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पत्र्याच्या छपराखाली पाण्याची भांडी दोन-दोन तासांनी पाहावी लागतात आणि दुपारी पोती ओली करून टांगावी लागतात. नव्या माणसाला यापेक्षा चांगलं काम मी सांगू शकत नाही. कौशल्य लागत नाही, आणि कुत्री जगतात.

दुसरं न दिसणारं काम नोंदीचं. कोणतं जनावर कधी आलं, कुठून आलं, लस कधी, जंताचं औषध कधी, किती दिवसांपासून इथे आहे. बहुतेक शेल्टरांत हे कागद अर्धवट असतात, कारण हात कमी. तुम्ही ऑफिसात काम केलेलं असेल, हिशेब ठेवता येत असतील, तर पिंजऱ्यापेक्षा टेबलाशी बसा. "हा कुत्रा सात महिने इथे का आहे?" हा प्रश्न नोंद असेल तरच कोणाला सुचतो, आणि तो सुचला की त्या कुत्र्यासाठी घर शोधणं सुरू होतं.

पशुवैद्यकीय शिकणारी मुलंमुली ओळखीत असतील तर त्यांना जरूर आणा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या शेजारी आहे, तासाभराच्या अंतरावर.

सहावी पायरी: घरी ठेवणं आणि घर शोधणं

पिल्लांसाठी शेल्टर ही शेवटची जागा. एक वेत सहा-आठ आठवडे कोणाच्या गॅलरीत किंवा अंगणात राहिलं, आई बरोबर असेल तर उत्तमच, तर जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. याला आम्ही फॉस्टर म्हणतो. घरात लस न झालेलं कुत्रं असेल तर करू नका. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. वाटीभर गाईचं दूध ठेवलं की पुष्कळ पिल्लांना जुलाब लागतात, म्हणून काय पाजायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर.

दत्तक देताना घाई नको. गणपतीत आरतीला जमलेल्या मंडळींपैकी एखादी मुलगी पिल्लू पाहून हरखते, आईबाबा "घेऊ या" म्हणतात, आणि दिवाळीच्या फटाक्यांत ते पिल्लू दार उघडं पाहून पळतं. मी घरी जाऊन येते. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती विचारते, सुट्टीत गावाला गेल्यावर कोण पाहणार हे विचारते, आणि सहा महिन्यांनी नसबंदी करण्याचं लेखी घेते. ती तारीख माझ्या वहीत असते आणि त्या आठवड्यात मी फोन करते. त्या फोनला कंटाळणारं घर मला पहिल्याच भेटीत ओळखू येतं.

शेल्टरमध्ये येणारं प्रत्येक कुत्रं रस्त्यावरचं नसतं. लॅब्रॅडॉर, हस्की, जर्मन शेफर्ड येतात, हौसेने विकत घेतलेले आणि मग टाकलेले. माळव्याच्या उन्हाळ्यात हस्की म्हणजे त्या जिवाचा छळ आहे. पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये इतकाच लिहिला आहे, तेव्हा धाक कोणाला वाटणार? म्हणून दारात सोडायला आलेल्या माणसावर मी ओरडत नाही. ओरडलं की तो पुढच्या वेळी रात्री बायपासवर सोडून जातो. मी त्याला बसवते, पाणी देते, का नको झालं ते विचारते. अर्ध्या वेळा कारण सोडवण्यासारखं असतं: घाण करतं, चावरं आहे, सुनेला बाळ होणार आहे, बदली झाली. दोन महिने फॉस्टर मिळाला किंवा शिकवणारा मिळाला की कुत्रं त्याच घरी राहतं. शेल्टरमधला एक पिंजरा वाचतो.

शेजारी

या कामात कुत्र्यांपेक्षा माणसांशी जास्त बोलावं लागतं. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आलं आहे, रस्त्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, कचरा दारातून गाडीत जातो. याचा कुत्र्यांवर परिणाम झाला. उकिरड्यावर जगणारी कुत्री आता ठेल्यांवर, सराफ्यासारख्या रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बाजारांत, आणि खाऊ घालणाऱ्यांच्या दारात जमतात. त्यामुळे खाऊ घालणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. तो ज्यांना जेवू घालतो त्यांना पकडूनही तोच देऊ शकतो. खाऊ घालून नसबंदी न करणं म्हणजे पौषातल्या पिल्लांची सोय करणं. हे मी खाऊ घालणाऱ्यांना तोंडावर सांगते, त्यातले काही माझ्याशी बोलत नाहीत.

खाऊ घालायचं ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. जिना, फाटक आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. आणि अर्ध्या तासात भांडं उचलून जागा झाडून. माझ्या शेजारच्या काकू माझ्यावर दोन वर्षं रागावलेल्या होत्या, कारण त्यांच्या नातवाच्या अंगावर कुत्रं धावलं होतं. त्यांना मी नियम सांगत बसले, ती माझी चूक होती. शेवटी एका सकाळी त्यांना वही दाखवली. "काकू, धावलं ते हेच का? याची नसबंदी झालेली नाही, पुढच्या मंगळवारी गाडी येते आहे." त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली. "हा काळा आमच्या मागच्या बोळात असतो, तो यात नाही," म्हणाल्या. खरंच नव्हता. आता बोळातली मोजणी त्या करतात.

कोणी विष घातलं, मारलं, तर भांडायला एकट्याने जाऊ नका. फोटो, वेळ, साक्षीदार घ्या आणि ठाण्यात तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाखाली जनावराला मारणं किंवा पंगू करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मांजरांचं थोडक्यात: मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि वर्षात दोन-तीन वेतं होतात, म्हणून तिथे कार्तिकाची वाट पाहायची सोय नाही. पकडायला पिंजरा लागतो, जाळी नाही.

वर्ष कसं बांधायचं

पौष-माघात व्यायलेल्या माद्यांची आणि पिल्लांची नोंद करा, फॉस्टर शोधा, पिल्लांचा जन्ममहिना पानावर लिहा. चैत्र-वैशाखात पाणी, सावली, दत्तक देणं, आणि तुमच्या स्वतःच्या लसीचे तीन डोस. ज्येष्ठात नवी मोजणी: सहा महिने पूर्ण होणाऱ्या माद्यांच्या पानाला कोपरा दुमडा. आषाढ ते भाद्रपद गाडी, टाके, परत सोडणं. याच दिवसांत आठवड्याचे दोन तास जास्त काढता आले तर काढा. २८ सप्टेंबर हा रेबीज दिन असतो आणि त्याच्या आसपास लसीकरणाची शिबिरं लागतात. ज्यांची नसबंदी मागेच झाली आहे त्यांना तेव्हा वर्षाची लस पुन्हा टोचून घ्या, कारण खाच असली तरी लस दर वर्षी लागते. आश्विनात उरलेल्यांसाठी शेवटची धावपळ.

आणि कार्तिकात रात्री दहाला एकदा गल्लीतून चालत जा. जिच्यामागे नरांचा घोळका लागलेला दिसेल, ती राहून गेलेली मादी. तिचं पान काढा, तारीख लिहा, त्यात ६३ दिवस मिळवा, आणि तेवढ्या दिवसांत एक फॉस्टर ठरवून ठेवा.